पाव अंशाची भिंत

हे सावकाश वाचा. एखाद्या वाक्यापाशी मन रेंगाळलं तर रेंगाळू द्या, पुढचं कुठे पळून जात नाही. आज आपल्याला अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या एका स्टीलच्या पत्र्यापाशी बसायचं आहे. त्याच्या एका अंगाने गरम पाणी वाहतंय, दुसऱ्या अंगाने गार. दोघांची कधी भेट होत नाही, पण एकाची ऊब दुसऱ्याकडे जाते. ती कशी जाते आणि जाताना किती किंमत मोजते, एवढंच बघायचं.

जागा म्हणून पश्चिम महाराष्ट्रातली एखादी डेअरी मनात आणा. संध्याकाळचं संकलन उतरतंय. डॉकवर कॅन आदळल्याचे आवाज, सगळीकडे ओल, दुधाचा आणि सोड्याचा मिसळलेला वास. कॅनला बाहेरून हात लावा. कोमट लागतो. कासेतून निघालं तेव्हा हे दूध 38 अंशांच्या आसपास होतं, रस्त्यात थोडं निवलं, समजा 34 वर आलं. आता ते जितक्या लवकर 4 अंशांवर जाईल तितकं टिकेल.

त्या कोमटपणापाशी जरा थांबा. 1 लिटर दूध 34 वरून 4 वर आणायचं म्हणजे त्यातून सुमारे 120 किलोज्यूल उष्णता काढून घ्यायची. 1 लाख लिटरचा हिशेब केला तर ती विजेच्या भाषेत 3,300 युनिटच्या घरात जाते. गावोगावच्या गोठ्यांतल्या गाई-म्हशींनी वैरण खाऊन अंगात तयार केलेली ऊब आहे ही, आणि ती रोज येते.

ती जाते कुठे?

दुधातून गार पाण्यात, गार पाण्यातून अमोनियात, अमोनियातून कंडेन्सरच्या पाण्यात, आणि शेवटी छपरावरच्या कूलिंग टॉवरमधून हवेत. त्याच आवारात, हाकेच्या अंतरावर, बॉयलर धगधगतोय. पाश्चरायझरला गरम पाणी हवं, कॅन धुवायला हवं, टाक्या आणि पाइपांच्या आतल्या धुलाईला, म्हणजे सीआयपीला, हवं. त्यासाठी ब्रिकेट, कोळसा नाहीतर फर्नेस ऑइल जळतंय. एका छपरावरून उष्णता फेकायची आणि शेजारच्या छपराखाली ती विकत घ्यायची, असा हा रोजचा व्यवहार. मला तो बघवत नाही. कुणाचा दोष म्हणून नव्हे, दोन्ही यंत्रं आपापल्या जागी नीट चालू आहेत. पण दोघांमध्ये कुणी बोलणारं नाही.

बोलणं सोपंही नाही म्हणा. फेकली जाणारी ऊब 30-35 अंशांची आहे आणि हवी आहे ती 80 ची. उष्णता आपणहून उताराकडेच जाते, जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे. तिला चढावर न्यायचं तर कुणीतरी काम केलं पाहिजे. ते काम करणारं यंत्र म्हणजे हीट पंप. कमी दाबाखाली एखादा द्रव उकळू द्यायचा, उकळताना तो आसपासची ऊब पिऊन घेतो. ती वाफ कॉम्प्रेसरने दाबायची, दाबली की तापते. मग जास्त दाबाखाली तिचा पुन्हा द्रव होऊ द्यायचा, म्हणजे प्यायलेली ऊब ती वरच्या तापमानाला परत देते. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, 1852 मध्ये ही कल्पना मांडली होती. त्याच दशकात पीटर फॉन रिटिंगर या अभियंत्याने ऑस्ट्रियातल्या एबेन्झे गावच्या मिठागरात पाणचक्कीच्या बळावर खाऱ्या पाण्याची वाफ दाबून तिच्याच उष्णतेवर पुढचं पाणी आटवून पाहिलं. 1938 मध्ये झुरिकच्या टाउन हॉलला लिमात नदीच्या थंड पाण्यातली ऊब उचलून गरम ठेवायला सुरुवात झाली. कल्पना जुनी आहे, पारखलेली आहे.

हीट पंपाच्या खोलीत शिरलं की आपलं सगळं लक्ष कॉम्प्रेसरकडे जातं. तो मोठा असतो, तापलेला असतो, त्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्याला तिथेच राहू द्या. त्याच्या दोन बाजूंना दोन गप्प वस्तू आहेत. एक आत येणारी ऊब घेते, दुसरी बाहेर जाणारी ऊब देते. आपलं आसन त्यांच्यापाशी. आणि त्यांची घडण समजायची तर आधी जवळच्याच पाश्चरायझरकडे वळू, कारण तिथली प्लेटांची चळत उघडून दाखवता येते.

डेअरीत तिला नुसतं पीएचई म्हणतात, म्हणजे प्लेट हीट एक्स्चेंजर. पुढे एक जाडजूड पोलादी फळी, मागे तशीच दुसरी, आणि दोघींच्या मध्ये लांब बोल्टांनी आवळून धरलेल्या पातळ प्लेटा, दहा-वीस किंवा शे-दीडशेसुद्धा. बाजूने पाहा. प्लेटांच्या कडा एकाला एक लागून मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते, आणि त्या कडांवरून वरून खाली तिरका ओढलेला रंगाचा एक पट्टा आहे. तो शोभेचा नाही. सफाईसाठी प्लेटा सुट्या केल्या आणि परत लावताना एखादी उलटसुलट झाली, तर पट्टा तिथे तुटतो आणि पोळ्याची नक्षीही बिघडते. फिटर आधी ते बघतो, मगच बोल्ट आवळतो, आणि तेही नेमप्लेटवर लिहिलेल्या मापापर्यंतच. कमी आवळलं तर गळतं, जास्त आवळलं तर प्लेटा चेपतात.

आता मनातल्या मनात एक प्लेट बाहेर ओढून हातात घ्या. आश्चर्य वाटेल इतकी हलकी. उजेडात तिरकी धरली की तिच्यावर दाबून उठवलेल्या उंच-सखल रेघा दिसतात, हेरिंगबोनच्या विणीसारख्या, मधोमध कोन करून दोन बाजूंना उतरणाऱ्या. चार कोपऱ्यांत चार भोकं. काठाने रबरी गॅस्केट फिरलंय, आणि ते असं फिरलंय की चारांतली दोनच भोकं या बाजूच्या पोकळीला उघडी आहेत. उरलेल्या दोन भोकांभोवती गॅस्केटची दुहेरी कड आहे. त्या दोन कडांच्या मधल्या जागेत बोटाने चाचपा: एक छोटी खाच बाहेरच्या हवेकडे जाते. गॅस्केट कधी फाटलंच तर गळती या खाचेतून बाहेर, जमिनीवर यावी, पलीकडच्या द्रवात मिसळू नये म्हणून ती ठेवलेली आहे. ऑपरेटरला ओघळ दिसतो आणि दूध वाचतं. बनवणाऱ्याने बिघाड होणार हे धरून त्याला उघड्यावर यायला वाट करून दिली, ही गोष्ट मला या सगळ्या यंत्रात फार मोलाची वाटते.

पुढची प्लेट उलटी फिरवून लावलेली असते. त्यामुळे हिच्या रेघांचा कोन वर आणि तिच्या रेघांचा खाली होतो, आणि दोघींच्या उंचवट्यांच्या रेघा एकमेकींना छेदतात. जिथे छेदतात तिथे स्टील स्टीलला टेकतं. एका प्लेटवर असे शेकडो, मोठ्या प्लेटवर हजारो टेकू. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा एकटा दाब सोसू शकला नसता, इथे तो दोन्ही अंगांच्या शेजारणींवर टेकून सोसतो. आणि या टेकूंच्या मधून, जेमतेम 3-4 मिलिमीटरच्या फटीतून, द्रवाला वाट काढत जावं लागतं. तो सरळ जाऊच शकत नाही. क्षणोक्षणी वळतो, फुटतो, परत मिळतो.

हे वळणं-फुटणं कशासाठी, ते नीट बघू. गतीने वाहणारं पाणीसुद्धा भिंतीलगत थांबलेलं असतं. भिंतीला चिकटलेला थेंब हलत नाही, त्याच्यावरचा किंचित हलतो, त्याच्यावरचा थोडा जास्त. या सुस्त थराची ओळख लुडविग प्रान्टलने 1904 मध्ये हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत करून दिली. मधल्या प्रवाहात ऊब पाण्याबरोबर झपाट्याने वाहून येते, पण या शेवटच्या थरातून तिला रेणूकडून रेणूकडे, हातोहात जावं लागतं, आणि पाणी त्या कामाला मंद आहे. थर जितका जाड तितका वेळ. कढत चहा आपण बशीत ओततो तेव्हा दोन गोष्टी साधतो, पृष्ठभाग वाढवतो आणि खोली कमी करतो. प्लेटांच्या फटीत द्रव तसाच पसरून पातळ होतो, आणि वर त्या तिरक्या रेघा सुस्त थर वाढायच्या आत पुन्हा पुन्हा मोडतात. साध्या नळीत जे खळबळतं वाहणं मोठ्या वेगाशिवाय येत नाही, ते इथे बऱ्याच कमी वेगाला येतं.

इथे थांबून एक छोटं गणित करू. हे माझ्या आवडीचं आहे, त्यामुळे घाईने उरकणार नाही.

प्लेटच्या एका अंगाचं पाणी दुसऱ्या अंगाच्या पाण्यापेक्षा 3 अंशांनी गरम आहे असं धरा. चांगल्या प्लेट एक्स्चेंजरमध्ये एवढ्या फरकावर दर चौरस मीटरमागे सुमारे 9 किलोवॅट उष्णता पलीकडे जाते. आता या 3 अंशांची वाटणी कशी होते? स्टेनलेस स्टील उष्णता वाहून नेण्यात तांब्याच्या मानाने अगदीच मंद, सुमारे पंचविसावा हिस्सा. म्हणून वाटतं की खरा अडथळा या पत्र्याचाच असणार. पण पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा आहे. तो ओलांडायला ऊब फक्त पाव अंशाच्या आसपास खर्च करते. उरलेले पावणेतीन अंश दोन्ही अंगांच्या पाण्याच्या त्या दोन सुस्त थरांत जातात.

डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी, ठोकली तर वाजणारी भिंत पाव अंशाची. आणि न दिसणाऱ्या, पाण्यानेच पाण्यात उभ्या केलेल्या दोन भिंती मिळून तिच्या दहापट. हे आकडे एकदा मनात घोळवा.

आता प्रवाहांच्या दिशेकडे या. फटीफटीतून एक द्रव वरून खाली जातोय, त्याच्या शेजारच्या फटीतून दुसरा खालून वर. दोघांना एकाच दिशेने सोडलं असतं तर सुरुवातीला मोठा फरक, मग तो घटत घटत शेवटी दोघं मधल्याच कुठल्यातरी तापमानाला आले असते आणि व्यवहार संपला असता. समोरासमोर सोडलं की चित्र पालटतं. पाश्चरायझरमध्येच बघा. 72 अंशांवर 15 सेकंद राहून आलेलं तापलेलं दूध एका फटीतून निघालंय, आणि 4 अंशांचं कच्चं दूध शेजारच्या फटीतून त्याच्या समोर येतंय. गार दूध तापत तापत पुढे जातं तसतसं त्याला अधिकाधिक गरम शेजार मिळतो. नव्वद टक्के ऊब परत मिळवणाऱ्या मांडणीत कच्चं दूध 65 वर जाऊन पोहोचतं, आणि त्याला तापवणारं दूध 72 वरून 11 वर उतरतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोघांत फक्त 7 अंशांचं अंतर. 61 अंशांची चढण दर पावलाला 7 अंशांच्या फरकावर पार पडली. तापलेल्या दुधानेच नव्या दुधाला तापवलं आणि स्वतः निवलं. बाहेरून द्यायचे उरले शेवटचे 7 अंश.

दुधासाठीच ही वस्तू जन्माला आली. रिचर्ड सेलिगमन यांनी 1923 मध्ये इंग्लंडमध्ये पाश्चरायझेशनसाठी प्लेटांचा एक्स्चेंजर बनवला. उघडून धुता येतो, हा तेव्हा त्याचा मोठा गुण होता. हीट पंपाच्या दोन्ही अंगांना तो येऊन बसला तो बऱ्याच नंतर.

चला, आता त्या गप्प वस्तूंकडे. आधी ऊब घेणारी, बाष्पीभवक म्हणजे इव्हॅपोरेटर. फेकल्या जाणाऱ्या उबेचं 30 अंशांचं पाणी एका फटीतून जातंय. शेजारच्या फटीत तळातून द्रव अमोनिया येतोय, सुमारे 10 बार दाबाखाली. वातावरणाच्या दाबाला अमोनिया उणे 33 अंशांनाच उकळतो, इथे दाब असा राखलाय की तो 25-28 अंशांना उकळावा. 30 अंशांच्या कोमट पाण्यावर काहीतरी उकळतंय, हे नीट डोळ्यांपुढे आणा. स्टीलच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म खळग्यांत बुडबुडा धरतो, फुगतो, सुटतो, त्याच्या जागी नवा द्रव धावून येतो. इथे सुस्त थर मोडायला वेगळी खटपट नको, उकळीच तो मोडते. 1 किलो अमोनिया असा उकळून वाफ झाला की जवळपास 10 किलो दुधाची 34 ते 4 अंशांची सगळी ऊब त्याने उचललेली असते. आणि हे करताना त्याचं स्वतःचं तापमान बदलत नाही.

पण फटीत जसजसं वर जाल तसतशी वाफ वाढते, द्रव कमी होतो. एका जागी भिंत कोरडी पडते. कोरडी वाफ उष्णता उचलायच्या कामी फारच अशक्त. तिथपासून पुढची सगळी प्लेट थोडक्या कामासाठी अडकून पडते. म्हणून मोठ्या अमोनिया यंत्रात प्लेटांच्या वर एक ड्रम ठेवतात. न उकळलेला द्रव वाफेबरोबर तिथवर जातो, तिथे वेगळा होऊन आपल्या वजनाने परत तळाशी येतो, आणि प्लेटा वरपर्यंत ओल्या राहतात. अशा यंत्रात आणखी एकाकडे लक्ष लागतं, ते म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल. साधं खनिज तेल अमोनियात विरघळत नाही, त्याच्यापेक्षा जड असतं, तळाशी साचतं आणि प्लेटांवर तवंग धरतं. तो तवंग म्हणजे पुन्हा एक न दिसणारी भिंत. ऑपरेटर ठरल्या वेळी सगळ्यात खालच्या भांड्यातून ते तेल जपून काढतो. कंटाळवाणं, नाकाला झोंबणारं, धोक्याचं काम. यंत्राची कमाई मात्र त्यावर टिकून असते.

दुसऱ्या बाजूचा कंडेन्सर वेगळ्या घडणीचा. अमोनियाला 80 अंशांच्या वर द्रव व्हायला लावायचं तर दाब 40 बारच्याही पलीकडे जातो. रबरी गॅस्केट तिथे पुरं पडत नाही. गोल प्लेटा कडेने वेल्ड करून पोलादी कवचात बसवलेले एक्स्चेंजर अशा जागी लावतात. छोट्या हीट पंपांत तांब्याने डाख दिलेल्या बंद प्लेटा सर्रास असतात, पण अमोनिया तांब्याला खातो, त्यामुळे इथे त्या चालत नाहीत.

कॉम्प्रेसरमधून सुटलेली वाफ शंभरी ओलांडून तापलेली असते. आधी ती नुसती निवते, आणि वाफ म्हणून निवताना फार सावकाश निवते. मग एका जागी पहिला थेंब धरतो. तिथून पुढे प्लेटवर द्रवाचा पातळ पापुद्रा तयार होऊन खाली ओघळायला लागतो, आणि मागून येणाऱ्या वाफेची ऊब त्या पापुद्र्यातून पलीकडे जाते. विल्हेल्म नुसेल्टने 1916 मध्ये या ओघळत्या पापुद्र्याचं गणित मांडलं. पापुद्रा जाड झाला की अडवतो, लवकर ओघळला की वाट देतो. प्लेटच्या तिरक्या रेघा त्याला ओघळायला आणि मोडायला मदत करतात. वाफेबरोबर कुठून थोडी हवा शिरली असेल, तर ती द्रव होत नाही, भिंतीलगत साठून राहते आणि वाफेला भिंतीपर्यंत येऊ देत नाही. म्हणून हवा काढून टाकायची व्यवस्था लागते.

पलीकडच्या फटीतून पाणी 60 अंशांना शिरून 80 ला बाहेर पडतंय. ते बाहेर पडतं त्या तोंडाशी समोर सगळ्यात तापलेली वाफ आहे. त्यामुळे पाण्याची आणि अमोनियाची सर्वांत जवळीक तोंडाशी होत नाही, थोडी आत, पहिला थेंब धरतो त्या जागी होते. एक्स्चेंजर केवढा घ्यायचा हे ती अरुंद जागा ठरवते, दोन टोकांचे थर्मामीटर ते सांगू शकत नाहीत. म्हणून मांडणी करणारा अभियंता दोन्ही तापमानांच्या रेषा कागदावर काढतो आणि त्या कुठे सगळ्यात जवळ येतात ते शोधतो.

इतकं सगळं मनात बसलं असेल तर मुख्य गोष्टीकडे येऊ.

उष्णता पलीकडे जायची तर फरक हवा. फरक शून्य केला तर काहीच जाणार नाही. ऊब घेताना अमोनिया पाण्यापेक्षा गार असलाच पाहिजे, ऊब देताना पाण्यापेक्षा गरम असलाच पाहिजे. म्हणजे पाण्याला 30 वरून 80 पर्यंत 50 अंशांची चढण हवी असली, तरी कॉम्प्रेसरला त्याहून जास्त चढावं लागतं. दोन्ही बाजूंना 5-5 अंशांचा फरक ठेवला तर त्याची चढण 60 अंशांची झाली. 2-2 चा ठेवला तर 54 ची.

सहा अंश, तेवढ्याने काय होतं? निसर्गाने घालून दिलेली मर्यादा बघा. सोयीसाठी सगळी देवाणघेवाण या दोन टोकांच्या तापमानांनाच होते असं धरू. 25 आणि 85 अंशांच्या मध्ये चालणारा आदर्श हीट पंप 1 युनिट विजेत जास्तीत जास्त 6 युनिट ऊब देऊ शकतो. 28 आणि 82 च्या मध्ये तोच आकडा 6.6 होतो. खरं यंत्र याच्या निम्म्याहून थोडं जास्त साधतं. पंचावन्न टक्के धरा. 500 किलोवॅट ऊब हवी असेल तर पहिल्याला सुमारे 152 किलोवॅट वीज लागते, दुसऱ्याला 138. फरक 14 किलोवॅटचा. दिवसाला 20 तास यंत्र चाललं तर रोज 280 युनिट.

या 280 युनिटांनी काय केलं? काहीच नाही. दूध अधिक गार झालं नाही, पाणी अधिक तापलं नाही. ती फक्त प्लेटांजवळच्या सुस्त थरांतून ऊब ढकलण्यात गेली. आणि उद्या परत जातील.

मग फरक कमी का ठेवत नाहीत? कारण 5 चा 2 करायला अडीचपट प्लेटा लागतात. 2 चा 1 करायला पुन्हा दुप्पट. 1 चा अर्धा करायला आणखी दुप्पट. शून्य कधीच येत नाही. प्लेटा न वाढवता पाण्याचा वेग वाढवून थर पातळ करू म्हटलं, तर फटीतला विरोध त्याहून झपाट्याने वाढतो आणि पंपाचं बिल चढतं. तेव्हा कुठेतरी थांबावं लागतं, हे खरं. पण आपल्याकडे फार लवकर थांबतात असं माझं ठाम मत आहे. निविदा उघडताना प्लेटांची किंमत समोर दिसते, एकरकमी, लाखांत. फरकाची किंमत त्या कागदावर कुठेच नसते, ती पुढची पंधरा-वीस वर्षं वीजबिलात थोडी थोडी येत राहते. प्लेटांवर पैसा एकदाच लागतो, अंशावर दर तासाला.

आणखी एक प्रश्न याच्याही आधी विचारायला हवा: मुळात 80 कशाला? मघाचं 65 अंशांचं दूध आठवा. त्याला 72 वर न्यायला 76-77 अंशांचं पाणी पुरतं, प्लेटा पुरेशा असल्या तर. जिथे बॉयलर आहे तिथे 90-95 ची सवय लागलेली असते, कारण आग विचारत नाही की किती अंश. हीट पंप प्रत्येक अंशाला विचारतो. पाणी दुधापेक्षा थोडंच गरम ठेवलं तर दुधाचाही फायदा आहे. तापलेल्या भिंतीवर दुधातली प्रथिनं उलगडून चिकटतात, त्यांच्याबरोबर कॅल्शियमचे क्षार बसतात आणि प्लेटांवर टणक पुटं चढतात. भिंत जितकी सौम्य तितकं हे कमी.

पुटांचं एवढं का लावून धरतोय? दख्खनच्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. तापलं की त्यातला चुना भिंतीवर बसतो. त्या क्षाराची उष्णता वाहायची ताकद स्टीलच्या साधारण आठव्या हिश्शाएवढी. नखाने खरवडावा इतकाच, 0.2 मिलिमीटरचा थर बसला असं धरा. मघाच्याच हिशेबाने तो ओलांडायला ऊब जवळजवळ 1 अंश खर्च करेल. पाव अंशाच्या भिंतीला न बोलावता एका अंशाची भिंत येऊन चिकटली. प्लेटांवर ओतलेला पैसा तिने गिळला, आणि कॉम्प्रेसर तक्रार न करता एक अंश जास्त चढू लागला. म्हणून गरम पाण्याचं वर्तुळ बंद ठेवतात, त्यात मऊ केलेलं पाणी भरतात, आणि दुधाच्या बाजूला रोज कॉस्टिक आणि नायट्रिकची धुलाई फिरवतात.

हे सगळं बाहेरून दिसत नाही. यंत्र चालूच असतं, पाणी 80 चं येतच असतं, फक्त ॲम्पियर थोडे वाढलेले. त्याचा सुगावा दोन आकड्यांच्या वजाबाकीत लागतो. कंडेन्सरच्या दाबावरून कळणारं अमोनियाचं तापमान आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान, ही एक वजाबाकी. बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याचं तापमान आणि उकळणाऱ्या अमोनियाचं तापमान, ही दुसरी. नव्या यंत्रावर भार सारखा असताना त्या किती होत्या ते पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवावं. लॉगबुकात दाब, ॲम्पियर, तेलाची पातळी यांचे रकाने असतातच. त्यांच्या शेजारी हे दोन रकाने आखावेत, आणि प्रत्येक पाळीच्या ऑपरेटरने त्यात एक-एक आकडा दशांशापर्यंत भरावा. 2.1, 2.0, 2.2 असे महिनाभर येत राहिले तर सफाईची गरज नाही. 2.9 आला की फिटरला सांगावं, आणि बाष्पीभवकाच्या प्लेटा उघडायच्या असतील तर त्याआधी बाजूवरचा तिरका पट्टा पुसट झालाय का ते बघून तो नव्याने ओढून घ्यावा.